एका हाताची ग्रामसभा

गाव करील ते राव काय करील, असं खाजणवड्यात उठताबसता म्हणतात. मात्र या गावाने आजवर एकदिलाने एकच गोष्ट केली आहे, ती म्हणजे दर तीन वर्षांनी गाव सोडून जाणे. ग्रामदेव रवळनाथाच्या पाषाणाला फुलांच्या पाकळ्या लावून कौल मागायचा. उजवी पाकळी पडली की गुरंढोरं, कोंबड्या, तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी सगळ्यांना उचलून वहाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर जायचं, झावळ्यांच्या झोपड्या घालायच्या आणि तीन दिवस तीन रात्री शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. याला गावपळण म्हणतात. एरवी पाण्याच्या पाळीवरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं त्या तीन दिवसांत एकमेकांच्या चुलीवर चहा उकळतात.

यंदा पळण मार्गशीर्षात आली आणि नेमकी वाईट वेळेला आली.

तिच्या आधी दहा दिवस सरपंच जानकी तारीच्या हातात जिल्ह्याचं पत्र पडलं होतं. खाजणवडे धरून किनाऱ्यावरच्या पाच गावांची मिळून एक नगरपंचायत होणार होती. गावाची हरकत असेल तर तसा ग्रामसभेचा ठराव अमुक सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत जिल्ह्याच्या कचेरीत ओरोसला पोचायला हवा, न पोचल्यास हरकत नाही असं समजण्यात येईल. सोबत नकाशा होता. नकाशात बोट फिरवत जानकी समुद्राशी आली आणि तिचं बोट थांबलं. किनाऱ्यावरच्या वाडीतल्या चाळीस बायका ज्या पुळणीवर मासळी वाळत घालतात, त्या वाळूवर छापलं होतं, ‘वाहनतळ’.

नऊ वर्षांची असल्यापासून जानकीने त्या पुळणीवर बांगडे उलथले होते. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी ती तिथेच होती, कारण सुंगटं, म्हणजे कोळंबी, कुणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत. पंचायत राहिली तर ती जागा गावच्या ताब्यात राहणार होती, नाहीतर तिथे पर्यटकांच्या गाड्या लागणार होत्या. तिला बाकी काही कळो न कळो, एवढं पक्कं कळलं. सात दिवसांची नोटीस काढून तिने शनिवारी अकराला शाळेत ग्रामसभा लावली. मंगळवारी कौल झाला. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार संध्याकाळपर्यंत पळण.

ती तडक भाईंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात गेली. भाई म्हणजे गावचे मुख्य मानकरी, वय चौऱ्याहत्तर, आवाज पंचविशीचा. खळ्यात चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पैकी दोन रिकाम्या. सरपंच होऊन चार वर्षं झाली तरी त्या खळ्यात जानकीला कुणी बस म्हटलेलं नव्हतं. राखीव जागेवर निवडून आलेली मासे विकणारी बाई, तिला खुर्ची कशाला?

“भाईनू, कौल परत लावक येतलो? पळण एक आठवडो फुडे गेली तर सभा होतली.”

“देवाक तारीख देतलंस तू?” भाई म्हणाले. “कोर्ट समजलंस काय?”

“ठराव गेलो नाय तर पंचायत जातली.”

“पंचायतीच्या आधी पाषाण होतो. पंचायत गेली तरी पाषाण रवतलो.”

“आणि पुळण? ती खंय रवतली?”

“तुमच्या सुंगटांचो वास रवळनाथाक पण नको झालो आसा,” भाई म्हणाले आणि खळ्यातली माणसं खो खो हसली. मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, “जंय गाव थंय सभा. पलीकडे माळार घेवया. चारशे हात वर करून दाखवतंय तुका.”

ग्रामसेवक प्रितेश सावंतवाडीकडचा, जवळच्या कट्टा गावी खोली घेऊन राहणारा. बदलीचा अर्ज खिशात घेऊनच हिंडायचा. त्याने मान हलवली. “मॅडम, हद्दीबाहेरची सभा म्हणजे सहल. कागदावर तिला काही किंमत नाही. शंभर माणसं तासभर शाळेत आणा, पुढचं मी बघतो.”

शंभर माणसं. निवडणुकीत तिने घर न् घर पालथं घालून याच्या तिप्पट मतं मिळवली होती. शनिवारी सकाळी माळावर झोपड्यांतून धूर निघत होता, मुंबईहून खास पळणीसाठी आलेली मंडळी पत्ते कुटत होती, आणि जानकी दारोदार, म्हणजे झावळी बाजूला सारत सारत, तासाभरासाठी माणसं मागत फिरत होती.

होमस्टेवाला दीपेश दात घासत म्हणाला, “येवंदे गो नगरपंचायत. रस्ते होतले, गटार होतला. आमच्याकडे पावणे नाकार रुमाल धरून येतत.”

त्याच्या बापाने आतून ओरडून सांगितलं, “घरपट्टी तिप्पट होतली मेल्या, मगे रुमाल डोळ्यांक लागतलो!”

पलीकडे एक मुंबईकर सद्गृहस्थ तिला हाताला धरून बसवून घेऊन ग्रामस्वराज्यावर अर्धा तास बोलले. इतकं छान बोलले की जानकीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तुम्ही येता का मग, असं विचारल्यावर कळलं की त्यांचं मत बोरिवलीला आहे.

आणखी एक म्हातारा, आयुष्यभर पंचायतीविरुद्ध अर्ज लिहिणारा, तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, “आपलां राज्य आपल्याकच होयां. शहरातल्याचां नकोच नको. पण तुझां पण नको.”

“मगे कोणाचां होयां?”

“तां मी सांगाचां काय? माका फक्त नको तां कळता.”

असा हा लोकमताचा कौल. शहर नको यावर शंभरातले नव्वद एकमुखी, पंचायत चोर यावर शंभरातले शंभर, आणि शीव ओलांडायला एकही नाही. जानकीला वाटलं, यांना पत्र्याच्या डब्यात घालून गदागदा हलवावं.

शेवटी ती आपल्या वाडीच्या झोपड्यांकडे आली. या झोपड्या माळाच्या उताराला वेगळ्या, वाऱ्याच्या तोंडावर. देवाने सांगितलेल्या पळणीतसुद्धा वरची वाडी वर आणि किनाऱ्याची वाडी खाली, हे कुणाला न सांगता ठरलेलं. थोरली जाऊ नर्मदा चुलीशी बसली होती. मालवणच्या बाजारात हिच्या टोपलीशी भाव करायला पोलीससुद्धा बिचकतात.

“वयनी, तू उठलंस तर चाळीस बायका उठतत. पुळणीसाठी तरी चल.”

“नळ खंय आसा?” नर्मदाने विचारलं.

नळाची लाईन वरच्या वाडीत घरोघर गेली होती आणि किनाऱ्याच्या वाडीच्या दोनशे पावलं अलीकडे येऊन संपली होती. बैठकीत तिने दोनदा विषय घेतला होता आणि दोनदा सदस्यांनी तो हाणून पाडला होता. पण हे नर्मदाला सांगून काय उपयोग? कळशी रोज तिच्याच कमरेवर असायची.

“चार वर्षां सरपंच आसंस. आमच्या घरातली म्हणान आम्ही नाचलो. काय दिलंस? त्यापेक्षा शहरातलो सायब येवंदे. निदान त्येका गाळी घालूक लाज तरी वाटाची नाय.”

“आणि पुळण गेली म्हणजे?”

“वाळू कोण उचलून नेतलो? समुद्राक विचारलंस?” मग मुलाच्या आठवणीने नर्मदाचा आवाज एकदम उतरला. “जानके, माझो प्रीतम बोटीर आसा. अकरा दिसांची फेरी. झील समुद्रात आसताना मी शीव मोडतलंय आणि तू माका पुळणीची गोष्ट सांगतंस? चालती हो हयसून.”

त्या दिवशी अकरा ते बारा प्रितेश एकटा शाळेत बसला. तो परगावचा, त्याला पळण लागू नव्हती. बारा वाजता त्याने वहीत लिहिलं, ‘गणपूर्ती नाही, सभा तहकूब, पुन्हा सोमवारी सकाळी नऊ वाजता याच ठिकाणी’, आणि कुलूप लावून निघून गेला.

रविवारी भाईंनी आपली सभा घेतली. माळावर ही तोबा गर्दी. भाईंनी विचारलं, “गाव कोणाचो?” आणि चारशे बारा हात वर गेले. ज्याने आदल्या दिवशी गटाराची स्वप्नं पाहिली होती त्या दीपेशचाही हात वर, आणि तोही दोन्ही. सगळे बघत असताना कोण खाली ठेवतो? टाळ्या झाल्या, देवाला गाऱ्हाणं घालून झालं, एका म्हाताऱ्याला रडू आलं. मग भाईंनी प्रितेशला बोलावून ठराव सांगितला आणि शेवटी म्हणाले, “ठिकाण, शाळेचां पटांगण.”

प्रितेशचं पेन थांबलं.

“लिव रे. कागदाक काय कळता? माणसां खरी, हात खरे. सरपंचबाय, कर सही.”

देवाच्या शिवेला एक पाऊल लागू नये म्हणून तीन दिवस जीव मुठीत धरणारा हा माणूस, सरकारी कागदावर अख्खं गाव शिवेच्या आत बसवायला एका पायावर तयार होता. आणि त्यात आपण काही लबाडी करतोय असं त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. देवाची शीव ती शीव, कागदाची ती नुसती शाई.

जानकीने कमरेला खोवलेला त्या दिवशीचा पेपर काढला आणि सगळ्यांसमोर उलगडला. गावपळण म्हटली की पत्रकार येतात, ते यंदाही आले होते. पहिल्याच पानावर शाळेच्या दाराचं भलंमोठं कुलूप, पायरीवर झोपलेलं एक भटकं कुत्रं, आणि खाली भाईंचा फोटो. भाईंनी ठासून सांगितलं होतं, “आमच्या गावात आज चिटपाखरू नाही.”

“ह्यो पेपर ओरोसात पण वाचतत, भाईनू. चिटपाखरू नाय तर चारशे बारा हात खंयचे? ठराव फेकून देतले आणि खोट्या सहीसाठी माका धरतले.”

मग सगळे एकदम बोलले. शहराकडून पैसे खाल्लंन! हिका पयल्यापासून नकोच होती! नाचता येईना अंगण वाकडं! कुणीतरी उताराच्या झोपडीशी जाऊन तिच्या चुलीला लाथ मारली. पेजेचं टोप कलंडलं आणि पेज मातीत गेली. तिच्या वाडीतल्या बायका तिथेच उभ्या होत्या. एकीनेही टोप उचललं नाही, आणि जानकीला ते लाथेपेक्षा जास्त लागलं. नवरा तुकाराम रत्नागिरीच्या बोटीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. तो असता तर कुणाच्या बाजूने उभा राहिला असता, हेही तिला खात्रीने सांगता आलं नसतं.

प्रितेश मोटारसायकलला किक मारताना हळूच म्हणाला, “मॅडम, एक नियम आहे. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. अध्यक्ष म्हणून तुम्ही हजर असलात की झालं. मी उद्या नऊला शाळेत असेन.” आणि मग, त्यालाही आई होतीच, म्हणून पुढे म्हणाला, “पण येऊ नका. हे लोक तुम्हाला सोडणार नाहीत.”

सोमवारी सकाळी जानकी वहाळाशी आली तेव्हा तिच्या मागे अख्खं गाव येऊन उभं राहिलं होतं. वहाळावरच्या साकवाच्या, त्या अरुंद पुलाच्या, पलीकडच्या टोकाला शिवेचा जांभा दगड, शेंदूर लावलेला. कुणी शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भाई नुसते काठी टेकून बघत होते.

“जानके!” नर्मदा ओरडली. “माझ्या झिलाक काय झालां तर तुझ्या नावान मी रोज सकाळी बोटां मोडतलंय!”

तीही दर्यावर नवरा असलेली बाई, तिलाही भीती होतीच. तिने दगडाला हात जोडले, तोंडातल्या तोंडात म्हणाली, “काय करूचां तां माका कर. बोटींक हात लावू नको,” आणि पाऊल टाकलं.

गाव इतकं शांत तिने कधी पाहिलं नव्हतं. दारांना कड्या, तुळशीपुढे दिवा नाही, कुठे कोंबडं आरवत नाही. स्वतःच्या घरावरून जातानाही तिने तिकडे पाहिलं नाही. शाळेत प्रितेशने तिच्यासाठी हेडमास्तरांची खुर्ची पुसून ठेवली होती. ती बसली.

“तहकूब ग्रामसभा. उपस्थित, अध्यक्षांसह,” प्रितेशने उगाच एकदा वर्गावर नजर फिरवली, “एक. विषय, खाजणवडे गाव नियोजित नगरपंचायतीत समाविष्ट करणे. हरकत घ्यावी या बाजूने हात वर करावा.”

जानकीने हात वर केला नाही.

तिला खरोखर राग आला होता. कुणासाठी करायचं हे? सुंगटांच्या वासावर हसणाऱ्यांसाठी? दोन्ही हात वर करणाऱ्या दीपेशसाठी? पेज मातीत जाताना बघत राहिलेल्या आपल्याच बायकांसाठी? नुसतं गप्प बसलं की काम तमाम. नगरपंचायत येईल, भाईंना कचेरीच्या बाकड्यावर नंबर लावून बसावं लागेल, नर्मदाला वाहनतळावर टोपली घेऊन उभं राहिल्याबद्दल दंड होईल. होऊ दे! चारशे बारा माणसांचं नशीब आज तिच्या एका हातात होतं आणि त्यातल्या एकाचंही तिला तोंड बघायचं नव्हतं.

खिडकीतून पुळण दिसत होती. मासळी वाळवायच्या काठ्या रिकाम्या, वाळूवर जाळ्याचा एक फाटका तुकडा. तीन दिवस कुणी फिरकलं नव्हतं तर ती जागा कुणाचीच नसल्यासारखी दिसत होती. गाड्या लागायला अगदी तयार.

“मेल्यांनो,” जानकी मोठ्याने म्हणाली आणि हात वर केला. “मोजा, भाऊसाहेब.”

“एक,” प्रितेशने लिहिलं. “विरोधात कोणी नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.”

दोघं त्याच मोटारसायकलवरून ओरोसला गेली. दुपारी दीड वाजता पोच मिळाली, शिक्क्यासकट.

संध्याकाळी परत यायचा कौल लावला तर डावी पाकळी पडली. गावाला आणखी एक दिवस माळावर काढावा लागला, आणि तो कुणामुळे हे सांगायला देवाची गरज नव्हती. जानकी शिवेच्या आत जाऊन आलेली, म्हणून तिला माळावरही कुणी घेईना. ती रात्र तिने वहाळाकाठी, दगडाला पाठ लावून काढली. घरी आल्यावरही तिच्या दारात कुणी येईना, तिच्या हातचा मासा कुणी घेईना.

अडीच महिन्यांनी राजपत्र आलं. चार गावांची नगरपंचायत झाली होती. खाजणवडे वगळलं होतं, ‘ग्रामसभेची हरकत विचारात घेऊन’. त्या दिवशी गुलाल उधळला. भाईंना हार घातला, त्यांनी माळावरच्या चारशे बारा हातांची आठवण काढली आणि गाव करील ते राव काय करील असं म्हणून भाषण संपवलं. कोणत्या कागदावर गाव वाचलं हे वाचायला कुणी थांबलं नाही.

आणि मग राखलेल्या स्वराज्याचा पहिला वापर झाला. सदस्यांनी एकजुटीने सरपंचावर अविश्वास आणला. कारण लिहिलं होतं, ‘ग्रामस्थांच्या भावना दुखावल्या’. त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान. चार वर्षांत पहिल्यांदाच दहा मिनिटांत गणपूर्ती झाली. व्हरांडा भरला, पटांगण भरलं, म्हाताऱ्या रिक्षाने आल्या. शाळेत, शिवेच्या आत, अगदी कायदेशीर. जानकी कोपऱ्यात उभी राहून ती गर्दी बघत होती. याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी माणसं त्या शनिवारी आली असती तर?

प्रितेशने चिठ्ठ्या मोजल्या आणि खाली बघत वाचलं, “अविश्वासाच्या बाजूने तीनशे शहाऐंशी. विरोधात एक.”

हशा पिकला. तो एक कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि जानकीला त्याची लाज वाटली नाही. या गावाच्या बाजूने तिने आजवर दोनदा मत दिलं होतं, दोन्ही वेळा एकटीने. तिने शिक्का आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तेव्हा भाईंनी शेजारची खुर्ची पुढे सारली आणि म्हणाले, “आता बस गो.”

“बसलंय मी खुर्चीर,” जानकी म्हणाली. “तुम्ही कोण नाय होतास तेव्हा.” आणि बाहेर पडली.

तिन्हीसांजेला दारात नर्मदा येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत आली नाही. तिचा प्रीतम त्या फेरीतून सुखरूप परत आला होता, पण त्याला दोन महिने होऊन गेले तरी ती जानकीशी एक शब्द बोलली नव्हती.

“मी तुझ्या विरोधात चिठ्ठी घातलंय,” ती म्हणाली. “लपवचंय नाय.”

“बरां केलंस.”

“झील दारात येवपर्यंत माझ्या डोळ्यांक डोळो लागलो नाय. तां मी तुका कधीच माफ करूचंय नाय.”

नर्मदा जायला वळली, दोन पावलं गेली आणि तिथूनच, पाठमोरीच म्हणाली, “फाल्यां बांगडो येतलो, खूप. पुळणीर हात कमी पडतत. ये. पण माझ्याशी बोलू नको.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जानकी पुळणीवर गेली. चाळीस बायका आधीच कामाला लागल्या होत्या. कुणी मान वर करून पाहिलं नाही. नर्मदाच्या शेजारी एका माणसापुरती वाळू मोकळी होती, तिथे ती बसली आणि बांगडे मांडू लागली.